थोरलीला तो सिनेमा दाखवायचा का?

प्रश्न : माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते. धाकटा सहा वर्षांचा. दोघांनी 'माय नेबर टोटोरो' या जपानी कार्टून सिनेमाची पारायणं केली आहेत. आता थोरलीला कुठून तरी कळलंय की त्याच स्टुडिओचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' म्हणून एक सिनेमा आहे, आणि तो दाखव म्हणून ती माझ्या मागे लागली आहे. मी तो हॉस्टेलवर असताना पाहिला होता आणि नंतर दोन दिवस धड जेवले नव्हते. नवऱ्याचं म्हणणं, जरूर दाखव, रोज पानात भात टाकते, अन्नाची किंमत तरी कळेल. सासूबाई म्हणतात, लेकरांना कसली मढी दाखवता. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीनं सुचवलं की त्यापेक्षा 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजामाज' दाखवा, तो सौम्य आहे. मे २०२५ मध्ये मॉक ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हापासून मुलगी युद्धाबद्दल काहीबाही विचारत असते आणि मी विषय बदलते. काय करू?
एक आई, नाशिक (माहेर कोल्हापूर)

उत्तर :

ताई, दाखवा. पण पानातल्या भातासाठी दाखवणार असाल, तर सासूबाईंचं ऐका आणि राहू द्या.

आधी भाताचंच उरकते. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानची ही गोष्ट. त्यातली चार वर्षांची सेत्सुको भुकेनं गेली, ती काय आपल्या लेकीनं ताट चाटूनपुसून संपवावं म्हणून? आपल्या लहानपणीही पान टाकलं की 'सोमालियात पोरं उपाशी मरतायत' हे ऐकवलं जायचं. त्यानं आपण दोन घास जास्त खाल्ले असतील, सोमालियाबद्दल मात्र काडीचंही शिकलो नाही. उलट तो देश म्हणजे एक टोमणा होऊन बसला. भात उरत असेल तर कमी वाढा, लागला तर पुन्हा घे म्हणा. तेवढ्यासाठी तिचं कोबे शहर जाळायला नको. यजमानांना हे माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल.

आता मुलीबद्दल. टोटोरोच्या माणसांनीच केलाय म्हणजे बघण्यासारखा असेल, ही तिची समजूत अगदीच भाबडी नाही. हे दोन सिनेमे जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ रोजी एकदमच, जोडीनं प्रदर्शित झाले होते. गुबगुबीत टोटोरो बघायला मुलांना घेऊन आलेल्या आईबापांना त्याच खेळात हाही बघावा लागला. त्या थिएटरांमधून बाहेर पडणाऱ्या घरांचे चेहरे कसे असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तेव्हा नुसतं स्टुडिओचं नाव बघून भरवसा ठेवायची चूक तुम्ही करणार नाही, कारण तुम्ही तो पाहिलाय. पण तो विशीत, हॉस्टेलवर पाहिलाय. दाखवायच्या आधी एकदा एकटीनं पुन्हा बघा. दोन मुलांची आई म्हणून बघाल तेव्हा वेगळ्याच जागी धक्का बसेल, आणि तो लेकीच्या शेजारी बसलेली असताना पहिल्यांदा बसू नये.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. धाकटा सहा वर्षांचा आहे, ही.

हा सिनेमा मोठे लोक सेत्सुकोसाठी रडत बघतात. थोरलं भावंड तो सेइताचा म्हणून बघतं. चौदा वर्षांचा हा मुलगा, आई हवाई हल्ल्यात भाजून गेली, वडील नौदलात, कुठे आहेत पत्ता नाही, आणि पाठीवर चार वर्षांची बहीण. तो जीव तोडून सगळं करतो आणि ती जाते. आपण आपल्या थोरल्यांना दिवसातून दहा वेळा काय सांगतो? भावाकडे लक्ष ठेव हं. तो पडला तर तू काय करत होतीस? या वाक्यांवर वाढलेली साडेअकरा वर्षांची मुलगी त्या पडद्यावर काय बघेल, याचा विचार मीही एकदा केला नव्हता.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या वाचनालयात मी रविवारी मुलांना सिनेमे दाखवायची. सहावी-सातवीच्या मुलांना हा दाखवला. सगळी रडली. मग गोलात बसवून 'युद्ध वाईट का?' यावर चर्चा घेतली, मुलांनी छान छान उत्तरं दिली, मी खूश. तीन आठवड्यांनी एका मुलाची आई भेटली. त्याच्या कपाटात कपड्यांच्या मागे बिस्किटांचे सात पुडे सापडले होते. धाकट्या बहिणीसाठी लपवून ठेवलेले, लागले तर असावेत म्हणून. चर्चेत तो अवाक्षरही बोलला नव्हता. आणि बोलायला मी जागा तरी कुठे ठेवली होती! मी प्रश्न युद्धाबद्दल विचारत होते आणि त्याच्या डोक्यात प्रश्न होता, माझ्या हातून असं झालं तर?

म्हणून माझा सल्ला सगळा त्या एका प्रश्नाभोवती आहे. सिनेमाच्या आधी, मधे आणि नंतर तिला हे कळलं पाहिजे की सेइता मूल होता. बहिणीला जगवणं हे त्याचं काम नव्हतंच. ते ज्यांचं काम होतं ती मोठी माणसं, ती सरकारं, हरली होती.

आधीच्या तयारीला एक संध्याकाळ द्या. नकाशा उघडा. नकाशाशिवाय युद्धाचा सिनेमा मुलांना दाखवू नये असं माझं ठाम मत आहे, नाहीतर सगळी युद्धं एकाच कुठल्या तरी काळ्या जागी घडतात. कोबे दाखवा, बंदराचं शहर. १९४५ साली अमेरिकेची बी-२९ विमानं जपानी शहरांवर आगीचे बॉम्ब टाकत होती. त्यात घट्ट केलेलं पेट्रोल असायचं, जिथे पडेल तिथे चिकटून जळायचं, आणि घरं लाकडाची, कागदी सरकत्या दारांची. ९-१० मार्चच्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसं गेली. कोबेवर मार्चमध्ये आणि पुन्हा ५ जूनला मोठे हल्ले झाले. सिनेमा त्या जूनच्या हल्ल्यापासूनच्या काही महिन्यांचा आहे. अणुबॉम्ब ऑगस्टमध्ये पडले. हिरोशिमा मुलांना माहीत असतं, पण त्याआधीच जपानची कितीतरी शहरं साध्या आगीनं बेचिराख झाली होती, हे बऱ्याच मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

इथे एक धोका आहे. या सिनेमात विमानं फक्त वरून येतात. जपाननं स्वतः काय केलं ते त्यात जवळजवळ नाही, आणि एका मुलाच्या डोळ्यांनी सांगितलेल्या गोष्टीत ते नसणं मला चुकीचं वाटत नाही. पण मग ती बाजू तुम्हाला सांगावी लागते. जपाननं १९३७ पासून चीनवर मोठी चढाई केली होती, आपल्या अंदमानवर १९४२ पासून त्यांचा ताबा होता आणि तिथल्या लोकांचे फार हाल झाले. हे सांगायला एक घरचा माणूस आहे, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले ते एक. जपानी फौजांशी लढताना जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मुलांना हे नाव फार आवडतं, मी पाहिलंय. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला, स्वतःच कोटणीस झाले. आजच्या मुलांना तो संथ वाटेल, अर्धा तास दाखवलात तरी पुरे.

आणि चाणाक्ष मुलगी असेल तर विचारेल, मग सुभाषबाबू जपानबरोबर कसे? विचारू दे. ते डॉक्टर गेले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते, आणि पुढे इंग्रजांना हुसकायला त्यांनीच जपानची मदत घेतली. दोन्ही खरं आहे. या प्रश्नाचं नीटनेटकं उत्तर देण्याचा आटापिटा करू नका. 'मलाही हे अवघड वाटतं' असं आईच्या तोंडून ऐकणं अकराव्या वर्षी फार उपयोगी पडतं.

शेवट आधीच सांगून टाका. दोघंही मरतात, असं स्पष्ट शब्दांत. तिची मजा जाईल अशी भीती नको, दिग्दर्शकानंच ती ठेवलेली नाही. पहिल्याच दृश्यात सेइता स्टेशनात खांबाला टेकून मरतो आणि आपण कधी मेलो ती तारीख स्वतः सांगतो. पुढचा सगळा सिनेमा मागे वळून पाहिलेला आहे. 'वाचेल का, वाचेल का' ही टांगती आशा मुलांना जास्त छळते. शेवट माहीत असला की ती काजवे बघते, सेत्सुकोचा गोड गोळ्यांचा डबा बघते, समुद्रावरचा दिवस बघते.

शुक्रवारी रात्री नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा, म्हणजे झोपेच्या आधी अख्खा दिवस मधे राहील. सिनेमा दीड तासाचा आहे. रिमोट तिच्या हातात द्या आणि ती कधीही थांबवू शकते हे आधीच ठरवा, मग ती पाचव्या मिनिटाला थांबवो. थांबवलं तर 'बघ, म्हटलं नव्हतं?' हे वाक्य घरातल्या कुणीही उच्चारायचं नाही. एक दृश्य मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, सुरुवातीच्या भागात शाळेत ठेवलेली, अंगभर पट्ट्या बांधलेली आई. मोठ्यांना सेत्सुकोचा शेवट आठवतो, मुलांच्या स्वप्नात ही आई येते. ते दृश्य आलं की हात धरा, किंवा तिनं म्हटलं तर पुढे ढकला. काही बिघडत नाही. काजव्यांना पुरण्याच्या प्रसंगानंतर मोठी विश्रांती घ्या, काहीतरी खा, बाल्कनीत जा. तिथून पुढे भूक सुरू होते.

धाकट्याला त्या वेळी घरातच ठेवू नका. शेजारच्या खोलीत आजीजवळ, असंही नको. सेत्सुकोचा आवाज खऱ्याच लहान मुलीनं दिलेला आहे, आणि त्या वयाच्या मुलाला भिंतीपलीकडून ऐकू येणारं रडणं चित्रापेक्षा वाईट. आजी-नातवाला गोदाकाठी पाठवा. सासूबाईंनाही आपलं ऐकलं असं वाटेल, आणि खरंच ऐकलेलं असेलही. धाकट्याच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

तुमचा मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि तिचा रडतानाचा व्हिडिओ कुणीही काढायचा नाही. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं, पण हल्ली पोरांचं पहिलं रडूही स्टेटसला लागतं.

त्या 'सौम्य' सिनेमाबद्दल विचारलंत. तो मी तुमच्या मुलीला इतक्यात दाखवणार नाही. त्यात नाझींच्या छळछावणीच्या कमांडंटचा मुलगा आणि तारेपलीकडचा ज्यू मुलगा यांची मैत्री होते. दिसायला रक्त नाही, भाषा गोड, म्हणून शाळांमधून सर्रास लावतात. पण ऑशविट्झ या नाझी छळछावणीत त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना पोचल्या दिवशीच गॅस चेंबरमध्ये मारलं जायचं. तारेपाशी बसून गप्पा मारणारा मुलगा ही कल्पना मुलांच्या मनात इतिहास म्हणून पक्की बसते. ज्या कादंबरीवर तो बेतलाय ती हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी टाळावी, असं ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानंच २०२० मध्ये म्हटलं होतं. शिवाय शेवटी आपण कुणासाठी हुंदके देतो? तारेखालून आत जाऊन मारल्या गेलेल्या कमांडंटच्या मुलासाठी. बाकीचे जणू तिथे असायचेच होते. कोबेचा सिनेमा कठोर आहे, पण तो लिहिणाऱ्यानं आणि काढणाऱ्यानं हे अंगावर झेललंय. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. त्यांची धाकटी बहीण १९४५ साली कुपोषणानं गेली, आणि तिच्या वाटणीचं आपणच खाल्लं हा सल त्यांना जन्मभर होता. कथा म्हणजे तिची मागितलेली माफी. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या हल्ल्यातून एका बहिणीबरोबर पळून वाचले होते. ही दोन वाक्यं लेकीला जरूर सांगा, पण सिनेमा संपल्यावर. सेइतासारखं मरण नोसाकांना आलं नाही, ते म्हातारे झाले, लेखक झाले, हेही सांगा.

संपल्यावर 'काय शिकलीस?' विचारू नका. काहीच विचारू नका. संत्री सोला, गच्चीत जा, तिला मिठी हवी असेल तर द्या, नको असेल तर नको. प्रश्न तीन-चार दिवसांनी येतील, बहुधा स्कूटरवर मागे बसलेली असताना, कारण तिथे आईच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

कोणते येतील ते बऱ्यापैकी सांगता येतं. बँकेत पैसे होते, मग भात विकत का नाही घेतला? हा हमखास. आईनं ठेवलेले सात हजार येन होते, पण दुकानात तांदूळच नव्हता. सगळं रेशनवर, आणि ज्याच्याकडे धान्य होतं त्याला नोटा नको होत्या, वस्तू हव्या होत्या. म्हणून आईचे किमोनो देऊन तांदूळ येतो. पैसा असून अन्न मिळत नाही, ही गोष्ट आपल्या मुलांच्या कल्पनेबाहेरची आहे. त्यावर सावकाश बोला.

आई गेल्यावर मुलं जिच्या घरी राहतात, ती नातेवाईक बाई दुष्ट होती का? इथे घाई करू नका. ती टोचून बोलते, किमोनोच्या तांदळातला मोठा वाटा आपल्या माणसांना वाढते, पण तिच्याही घरात तोंडं आहेत आणि भांड्यात तेवढंच आहे. सेइता मानी आहे, बहिणीला घेऊन बाहेर पडतो. त्याचं चुकलं का? हा प्रश्न तिनं विचारला नाही तर तो तिच्या पोटात आहे असं समजा आणि तुम्ही काढा. ताकाहाता स्वतः हा युद्धविरोधी सिनेमा नाही असं पुन्हा पुन्हा सांगायचे. दोन मुलं जगापासून तुटून एकटी राहू बघतात, त्याची ही गोष्ट. चौदाव्या वर्षी चुकायची मुभा असायला हवी, आणि सेइताला ती कुणी दिली नाही. हे असं, याच शब्दांत सांगा. आणि मग म्हणा, तुला आहे.

आपल्याकडे असं झालं तर? या प्रश्नाला तुम्ही भोंगा वाजल्यापासून चुकवताय. 'छे, कधीच होणार नाही' असं म्हणू नका, तिला ते खोटं आहे हे कळतं. भोंगा वाजला तर घरात कुठे थांबायचं, शाळेतून कोण आणायला येईल, बाबा गावाला असले तर शेजारचे कोण, एवढं ठरवा आणि सांगा. धाकट्याला कोण घेईल, हेही. त्या उत्तरात तिचं नाव येता कामा नये.

आणि शेवटी, कुणीच कसं त्यांना जेवायला दिलं नाही? याला माझ्याकडे सांत्वन नाही, पण तुमच्या माहेरी एक पत्ता आहे. त्याच युद्धात पोलंडमधून रशियानं सैबेरियात हाकललेली कुटुंबं, बहुतांशी बायका आणि मुलं, अर्धपोटी हिंडत हिंडत हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, शाळा, चर्च, दुकानं सगळं धरून. नकाशावर पोलंडपासून वळिवड्यापर्यंत बोट फिरवायला सांगा. दिवाळीत माहेरी जाल तेव्हा घेऊन जा, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ आहे. फक्त 'बघ, आपण किती चांगले' इथे थांबू नका. वळिवड्यात पोलिश मुलं जेवत होती त्याच १९४३ साली बंगालात आपली लाखो माणसं भुकेनं मेली, रस्त्यांवर. तिला हवं असेल तर ते पुढच्या वर्षी. बंगालवर सिनेमा आत्ता शोधू नका, एका वर्षाला एवढं पुरे.

कदाचित यातलं काहीच होणार नाही. पहिल्या दहा मिनिटांत ती रिमोट दाबेल आणि म्हणेल, टोटोरो लाव. मग टोटोरो लावा, आणि तुम्हीही बसा बघायला.

पण पूर्ण पाहिलाच, तर एक करा. त्या आठवड्यात धाकट्याला स्कूलबसपर्यंत सोडायला तिला पाठवू नका, तुम्ही जा. आणि अधूनमधून तिच्या कपाटात कपड्यांच्या मागे हात घालून बघा.